बापाला सांभाळून घ्या

मराठी मध्यमवर्गीय आईबाप मुलांना परदेशी नेतात ते मौजेसाठी नव्हे. निव्वळ मौज करायला आपल्याला अजून जमत नाही, तिला काहीतरी निमित्त लागतं. आमच्या वडिलांच्या पिढीला ते देवाने पुरवलं होतं. अष्टविनायकाच्या वाटेवर हाणलेली मिसळसुद्धा यात्रेच्या खात्यात जमा होई. आता देवाच्या जागी शिक्षण आलं आहे. ‘मुलांना जग कळलं पाहिजे’ असं एकदा म्हटलं की मुदतठेव मोडताना हात थरथरत नाही.

यातही देशांची वाटणी ठरलेली आहे. दुबई-सिंगापूर खरेदीसाठी. युरोप फोटोंसाठी, आणि आल्प्सच्या पायथ्याशी पुरणपोळी खाल्ल्याचं सोसायटीत सांगण्यासाठी. आणि जपान संस्कारांसाठी. जपान हा आपल्याकडे देश नसून दाराआड उभी करून ठेवलेली छडी आहे. मुलगा जेवून ताट तिथेच टाकून उठला की म्हणायचं, ‘जपानमध्ये मुलं स्वतःची शाळा स्वतः झाडतात.’ मुलीचं कपाट उघडल्यावर अंगावर कपडे कोसळले की म्हणायचं, ‘1945 मध्ये बेचिराख झालेल्या देशाने 1964 मध्ये बुलेट ट्रेन धावती केली, आणि तुला एक कप्पा आवरता येत नाही.’ मूल निरुत्तर होतं. जपानला जाऊन खात्री करून येणं त्याच्या हातात नसतं.

आमच्या कन्येने मात्र एक दिवस शांतपणे विचारलं, “मग जायचं का बघायला?” मला गहिवरून आलं. शिस्तीची ओढ लागली पोरीला! तिच्या मनातला जपान वेगळाच होता, हे तिने केलेली यादी पाहिल्यावर कळलं. तीत अ‍ॅनिमेची दुकानं होती, पुसता येणाऱ्या शाईची पेनं होती, पोकेमॉन होते. माझ्या यादीत स्वच्छता, वक्तशीरपणा, श्रमप्रतिष्ठा. एकाच विमानात शेजारी शेजारी बसून आम्ही दोन निरनिराळ्या देशांना निघालो होतो.

तिची आई येऊ शकली नाही. ती बँकेत आहे आणि चेरीची झाडं नेमकी मार्चअखेरीला फुलतात. या दोन गोष्टी कुठल्याच सरकारला पुढेमागे करता येत नाहीत. तिने भाजणी, मेतकूट आणि लसणाची चटणी बांधून दिली, आणि कन्येला बाजूला घेऊन हळूच काही सांगितलं. मला वाटलं, ‘बाबांचं ऐक’ असं सांगितलं असेल. ते तसं नव्हतं. कन्येने विमानातच फोनवरून एक जपानी वाक्य पाठ करायला घेतलं. विचारलं तर म्हणाली, “आईने सांगितलंय, हे यायलाच पाहिजे. माझे वडील पहिल्यांदाच आलेत, सांभाळून घ्या.”

टोकियोत पाय ठेवताक्षणी घरातली सत्ता बदलली. मी निरक्षर झालो. फलाटाची पाटी, हॉटेलची पाटी आणि शौचालयाची पाटी, तिन्ही सारख्याच सुंदर दिसत. कन्येला कार्टून बघून बघून थोडी अक्षरं लागत होती, उरलेली फोन वाचून दाखवी. पासपोर्ट, पैसे आणि सही माझ्याकडे. कुठे जायचं, कसं जायचं आणि केव्हा गप्प बसायचं हे ठरवणं तिच्याकडे. आपल्या राज्यघटनेत या व्यवस्थेला राष्ट्रपतिपद म्हणतात.

आगगाडीच्या बाबतीत तरी माझा शब्द चालेल असं वाटलं होतं. गर्दी म्हणजे काय हे डोंबिवलीकराला कोणी शिकवू नये. शिंजुकू हे जगातलं सर्वांत गजबजलेलं स्टेशन, रोजची ये-जा 35 लाखांच्या घरात, आत-बाहेर करायला 200 हून जास्त दारं. एके काळी तिथल्या फलाटांवर पांढरे हातमोजे घातलेली माणसं प्रवाशांना डब्यात ढकलण्यासाठी पगारावर ठेवलेली असत, अशी माहिती कन्येने दिली. आमच्याकडे हे काम मागचे प्रवासी करतात, बिनपगारी आणि हातमोज्यांशिवाय. मी पिशवी पोटाशी घेतली, कोपरं तयार ठेवली. गाडी आली आणि कोणी हललंच नाही. लोक दाराच्या दोन्ही बाजूंना ओळ धरून उभे, आतले उतरेपर्यंत मधली वाट मोकळी. आता समोर मोकळी जागा दिसत असताना आत न शिरणं हे माझ्या स्वभावात नाही, आणि ज्या लोकलने मला पोसलं तिच्या शिकवणीतही नाही. मी शिरलो. खिडकीजवळची जागा धरली, शेजारी कन्येसाठी रुमाल टाकला आणि विजयी मुद्रेने बाहेर पाहिलं. कन्या अजून फलाटावर ओळीत होती आणि पुढच्या माणसाला कमरेत वाकून ते वाक्य म्हणत होती. मग ती आत आली आणि डब्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. रुमालावर कोणी बसलं नाही. लोक बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले, बहुधा हरवलेली वस्तू म्हणून तो जमा कुठे करावा या विचारात.

तेवढ्यात घरून व्हिडिओ कॉल आला. जपानी गाडीत फोनवर बोलत नाहीत. अख्खा डबा भरलेला असतो आणि टाचणी पडली तर तीही माफी मागेल अशी शांतता असते. मी दबक्या आवाजात बोललो. पण माझा दबका आवाज फलाट क्रमांक पाचवरून तीनवर पोचेल असा बेतलेला आहे. “पोचलो! जेवलो! हो, गरम पाणी येतं!” एवढंच म्हणालो. डब्यातल्या यच्चयावत माणसांनी आपापल्या बुटांकडे पाहायला सुरुवात केली. तो संतापाचा जपानी प्रकार आहे, हे मला मागाहून सांगण्यात आलं.

वक्तशीरपणाचा धडा मी राखून ठेवला होता. 2018 च्या मे महिन्यात तिथल्या एका स्टेशनातून सकाळची 7:12 ची गाडी 25 सेकंद आधी सुटली, आणि रेल्वे कंपनीने जाहीर माफी मागितली. उशिरा नव्हे, आधी! ही गोष्ट मी कन्येला शिन्कान्सेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या, फलाटावर, पार्श्वभूमीला प्रत्यक्ष शिन्कान्सेन ठेवून ऐकवली. ती म्हणाली, “बाबा, तू घरी अंघोळीला शिरताना लोकांना फोनवर सांगतोस, ‘निघालोय, पाच मिनिटांत पोचतो.’ त्याबद्दल कोण माफी मागतं?” तिला मी समजावलं की ते खोटं बोलणं नसतं, तो समोरच्याला दिलेला धीर असतो. याचं जपानी भाषांतर करायला फोनने नकार दिला.

स्वच्छतेचा धडा जास्त महागात गेला. टोकियोचे रस्ते लखलखीत, आणि रस्त्यावर कचऱ्याचा डबा औषधालाही नाही. मार्च 1995 मध्ये तिथल्या भुयारी रेल्वेत सारिन या विषारी वायूचा हल्ला झाला, तेव्हापासून सार्वजनिक ठिकाणचे डबे मोठ्या प्रमाणावर काढले गेले. लोकांनी तक्रार केली नाही. आपला कचरा पिशवीत घालून घरी न्यायला लागले. आपल्याकडे डबा काढला असता तर त्या रिकाम्या जागेलाच डबा समजून लोकांनी श्रद्धेने कचरा वाहिला असता. हे विवेचन करत असताना माझ्या एका हातात खाल्लेल्या दाण्यांची पुडी होती, दुसऱ्यात चहाचा कागदी पेला, आणि रस्त्याकडेच्या एका कुंडीची माती मला फार भुसभुशीत वाटत होती. कन्येने मान वळवली नाही, फक्त एवढंच म्हणाली, “जपानमध्ये मुलं स्वतःची शाळा स्वतः झाडतात.” दिवसभर मी माझा कचरा मिरवला. संध्याकाळी हॉटेलवर पोचलो तर तिथे जळणारा कचरा वेगळा, प्लास्टिक वेगळं, बाटली वेगळी, आणि बाटलीचं झाकण व कागद तिच्यापासून वेगळे. एवढं वर्गीकरण मी घरी प्राप्तिकराच्या कागदांचंही करत नाही.

पण खरा पेच पडला तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यानंतर. जपानात शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. सकाळी रस्त्यावर पहिलीतली पोरं दिसू लागली. डोक्यावर पिवळी टोपी, पाठीवर पोराहून रुंद दप्तर, दप्तरावर पिवळं आवरण, म्हणजे गाडीवाल्यांना लांबूनच कळावं की हे नवं पाखरू आहे. आणि सोबत कोणी नाही! दोन-दोन, चार-चार मिळून किंवा अगदी एकटी, सिग्नलला हात वर करून रस्ता ओलांडत होती. तिकडे 1991 पासून एक दूरचित्रवाणी कार्यक्रम चालतो. त्यात तीन-चार वर्षांच्या पोराला आई एकट्याने दुकानात पाठवते आणि कॅमेरावाले लपून मागून जातात. पोर रडतं, रस्त्यात बसकण मारतं, पण सामान घेऊन येतं. मी कन्येला म्हटलं, “बघ! याला म्हणतात स्वावलंबन!”

आणि जीभ चावली नाही, पण तिच्याकडे बघणं टाळलं. कारण पुढचा प्रश्न मला दिसत होता.

“बाबा, ही सहा वर्षांची आहे. मी तेरा वर्षांची आहे. मी कोपऱ्यावर दूध आणायला गेले की तू गॅलरीत उभा असतोस.”

“मी हवा खायला उभा असतो.”

“आणि दुकानदाराला फोन करून ‘पोचली का’ विचारतोस.”

“दूध आहे का ते विचारतो.”

मी तिला दोन देशांतला फरक सांगितला. तिथले मोटारवाले थांबतात, गल्लीतल्या म्हाताऱ्या शाळेच्या वेळी दारात उभ्या राहून पोरांवर नजर ठेवतात. शिवाय या पोरांच्या दप्तराला धोक्याच्या वेळी दोरी ओढून वाजवायचा एक बझर लावलेला असतो. ती म्हणाली, “मग मला बझर घे ना. तो गॅलरीत उभा राहत नाही.”

इथे माझ्या लक्षात एक शास्त्रीय सत्य आलं, ते समस्त पालकांसाठी नोंदवून ठेवतो. दुसऱ्या संस्कृतीचं उदाहरण घरी बसून द्यावं. तिथे ते अर्धंच दिसतं. आपण दाखवतो ती अर्धी बाजू मुलांनी कसं वागावं याची असते. तिथे गेलं की उरलेली अर्धी दिसते, आणि ती मोठ्यांनी कसं वागावं याची असते. पोर एकटं शाळेत जातं, कारण गाडीवाला थांबतो. पोर वर्ग झाडतं, कारण पोराचा बाप कागद खिशात ठेवतो. हे सत्य मी कन्येला सांगितलं नाही. तिला ते आधीच कळलेलं दिसलं.

माझी बाजू वरचढ ठरावी असेही प्रसंग आले, ते सांगितलेच पाहिजेत. पहिला नूडल्सचा. घरी मी आमटीचा भुरका मारला की कन्या कानांवर हात ठेवते. जपानात मात्र नूडल्स आवाज करत ओढणं रीतसर असतं. त्या चिंचोळ्या दुकानात कचेरीतली सुटाबुटातली माणसं एका सुरात भुरके मारत होती. मी त्यात पंगतीत घोटलेला एक खास मराठी भुरका मिसळला. शेजारचे दोघं थांबले आणि त्यांनी आदराने पाहिलं. अर्थात तो माझा शाकाहाराचा गुरुवार होता, आणि त्या वाडग्यातलं निव्वळ पाणीदेखील वाळवलेल्या माशाच्या किसात उकळलेलं होतं. जपानी स्वयंपाकात मासा दिसतो त्याहून जास्त न दिसणारा असतो. “इथे गुरुवार सुरू व्हायचाय बाबा,” कन्या म्हणाली. वास्तविक जपानचा गुरुवार आपल्या आधी साडेतीन तास सुरू होतो, पण भूक लागलेली असताना भूगोल काढू नये.

दुसरा विजय शौचालयातला. पाण्याचा वापर ही आपली सनातन भूमिका. पाश्चात्त्यांनी ती कागदावर नाकारली. जपान्यांनी तिचा स्वीकार केला आणि 1980 मध्ये टोटो कंपनीने वॉशलेट बाजारात आणून तिला वीजही जोडली. गरम आसन, पाण्याची दिशा, पाण्याचा जोर, वारा, आणि आतले आवाज बाहेर जाऊ नयेत म्हणून वाहत्या पाण्याचा खोटा आवाज. बटणांची ती फळी पाहून मला वैमानिक झाल्यासारखं वाटलं. सगळी बटणं आळीपाळीने दाबून पाहिल्यावर मी बाहेर येऊन, शर्ट वाळेपर्यंत, कन्येला आपल्या पूर्वजांच्या दूरदृष्टीवर चार शब्द सांगितले. ती म्हणाली, “पूर्वजांनी टमरेल दिलं, बाबा. बटणं यांनी लावली.”

तिसरा विजय म्हणजे प्रत्यक्ष गजाननाची भेट. असाकुसाच्या प्रसिद्ध सेन्सोजी मंदिरापासून चालत जाण्याच्या अंतरावर मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे. तिथे कांगितेन पुजला जातो, म्हणजे आपला गणपतीच. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिथे पोचला आणि रमला. माझी छाती भरून आली. गावचा माणूस भेटावा तसा मी घाईघाईने पायऱ्या चढलो. पण मूर्ती दाखवतच नाहीत, ती कायम पडद्याआड. आणि नैवेद्याला मोदकाऐवजी मुळा! सगळीकडे मुळ्याची कोरीव चित्रं, देवापुढे पांढऱ्याशुभ्र जाड मुळ्यांची रास. मुंबईत लालबागला तासन्‌तास उभं राहून दर्शन मिळतं. इथे रांगही नाही आणि दर्शनही नाही. मी देवाला मनातल्या मनात विचारलं, बाबा रे, तुला हे चालतं? कन्या म्हणाली, “तो परदेशात येऊन तिथलं खातोय. तू मेतकूट घेऊन फिरतोयस.”

देवळातून प्रसादाचा एक मुळा मिळाला, हातभर लांबीचा. इथे धर्म आणि जपान यांनी मिळून मला कोंडीत पकडलं. प्रसाद टाकता येत नाही, आणि टाकायला डबाही नाही. तो मुळा मी दिवसभर टोकियोत फिरवला. भुयारी रेल्वेत नेला, पेनांच्या पाच मजली दुकानात नेला. तिथे विक्रेत्या मुलीने मला वाकून नमस्कार केला आणि मग मुळ्यालाही. रात्री घरी फोन लावल्यावर बँकेचे वार्षिक हिशेब संपवून हलकी झालेली कन्येची आई म्हणाली, “अरे, त्यात काय! किसून कोशिंबीर कर. मेतकूट दिलंय की.” किसणी नव्हती. कन्येने मुळ्याचे तुकडे केले, दुकानातून दही आणलं, वर मेतकूट भुरभुरलं. जपानी गणपतीचा मुळा आणि डोंबिवलीचं मेतकूट यांची सोयरीक उत्तम जमली. दही आणायला ती खाली एकटीच गेली होती. मी खिडकीत उभा होतो. हवा खायला.

उएनोच्या प्राणिसंग्रहालयात मी तिला मुद्दाम नेलं, कारण तिथे एक खरीखुरी गोष्ट सांगायची होती. महायुद्धात, 1943 साली, बाँबहल्ल्यात पिंजरे फुटले तर काय, या भीतीने तिथले प्राणी मारण्याचा हुकूम निघाला; तीन हत्ती उपाशी ठेवून मारले गेले. युद्धानंतर टोकियोतल्या मुलांनी पंडित नेहरूंना पत्रं लिहिली की आम्हाला एक हत्ती पाठवा. नेहरूंनी 1949 मध्ये एक हत्तीण पाठवली, आणि तिचं नाव ठेवलं आपल्या मुलीचं, इंदिरा. ती 1983 पर्यंत जगली. उपाशी शहरातल्या पोरांनी हत्ती मागावा आणि नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाने तो द्यावा, यात मला दोन्ही देशांची थोरवी दिसते. सांगताना माझा आवाज जरा कापरा झाला.

कन्या गोष्ट पूर्ण होईपर्यंत गप्प होती. मग तिने विचारलं, “त्यांनी मुलीला विचारलं होतं?”

“काय?”

“हत्तिणीला तुझं नाव देऊ का, म्हणून.”

या प्रश्नाचा विचार माझ्या माहितीतल्या कुठल्याही इतिहासकाराने केलेला नाही. मी विषय बदलून तिला सांगितलं की हेच नेहरू 1928 साली अलाहाबादेहून मसुरीला दहा वर्षांच्या इंदिरेला पत्रं लिहून पृथ्वीचा आणि माणसाचा इतिहास समजावून सांगत होते. सांगता सांगता मला त्या पद्धतीचा हेवा वाटला. बापाने सगळं ज्ञान एका बैठकीत लिहून काढायचं, पाकीट बंद करायचं, तिकीट लावायचं. मुलगी शेकडो मैलांवर. मध्ये कोणी ‘पण बाबा’ म्हणत नाही. त्यांनी मुलीला सोबत घेऊन जपान दाखवला असता, तर त्या पत्रांचं पुस्तक झालं नसतं.

आता अनुभवावरून पालकांना एक सल्ला देतो. मुलांना परदेश जरूर दाखवा, पण आपल्याहून शिस्तीच्या देशात नेऊ नका. तिथे खर्च आपला आणि उजळणीही आपलीच होते. आम्ही पुढच्या खेपेला इटलीचा विचार करतो आहोत. तिकडे लोक म्हणे मोठ्याने बोलतात, हातवारे करतात आणि गाड्यांनाही माणसांसारखा उशीर होतो. अशा ठिकाणी मुलीपुढे वक्तशीरपणाचा आणि संयमाचा आदर्श म्हणून मी सहज उभा राहू शकेन. कन्येलाही बेत पसंत आहे. तिने कालच फोनवर इटालियन शिकायला घेतलं. पहिलं वाक्य पाठसुद्धा झालं. आईने तोच मजकूर कायम ठेवायला सांगितला आहे, फक्त ‘पहिल्यांदाच आलेत’ एवढं गाळून.